काळा कोट शिवण्याआधी...

सकाळी सात-साडेसातला कुठल्याही जिल्ह्याच्या गावातल्या लॉ कॉलेजपाशी जरा थांबून बघा मैत्रिणींनो. स्कूटीवरून, एस.टी.तून, कुणी धाकट्या भावाच्या मागे बसून, मुलीच मुली येत असतात! कुणी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला, कुणी पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या. मुलाला शाळेत सोडून धावत आलेली एखादी चाळिशीची बाईही त्यात असते. सी.ई.टी. दिली, प्रवेश झाला, पेढे वाटले. आणि मग एक दिवस कॉलेजात सूचना लागते, ‘इंटर्नशिपचं प्रमाणपत्र जमा करा.’ इथून घरात गोंधळ सुरू होतो. ज्यांचे आजोबा वकील, काका वकील, त्यांना प्रश्नच नसतो. काकांच्या ऑफिसात जाऊन बसलं की झालं. पण वडील एस.टी.त कंडक्टर, आई घरी शिवणकाम करणारी, अशा घरातल्या मुलीनं कुणाचं दार वाजवायचं?

मी स्वतः वकील नाही, साधी बी.ए. पण आमच्या सांगली जिल्ह्यात गेली सोळा वर्षं बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्राचं काम करतेय. पोटगीच्या, घरगुती हिंसाचाराच्या तारखांना बायकांसोबत कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बसून वकिलीचं जग बाहेरून का होईना, बरंच बघितलं. तिथंच एक गोष्ट खटकत राहिली. पोटगीच्या प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही आपल्या उत्पन्नाचं, मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या नोव्हेंबरात घालून दिलं. आमच्या एका बाईच्या प्रकरणात तिच्या वकीलबाईंनी ते दिलंही नाही आणि नवऱ्याकडून मागितलंही नाही. तारखांवर तारखा पडल्या. बाई मुलं घेऊन भावाच्या दारात. वकीलबाई वाईट होत्या का? मुळीच नाही, चांगल्या होत्या, हुशार होत्या. पण सनद मिळाल्याबरोबर त्यांनी एकटीनं टेबल टाकलं होतं. कुणाच्या हाताखाली बसून शिकायला त्यांना कधी मिळालंच नव्हतं.

म्हणून हल्ली मुली केंद्रात येऊन विचारतात ना, ‘काकू, वकिलांकडे अर्ज कसा करायचा?’ तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या. शिकत असताना थोड्या आठवड्यांसाठी जाऊन काम बघायचं, ती इंटर्नशिप. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे ती करावीच लागते, आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी सगळं एकदम उरकता येत नाही, हे आयांनी मुलींना पहिल्याच वर्षी सांगावं. परीक्षा पास होऊन सनद घेतल्यावर एखाद्या अनुभवी वकिलांकडे राहायचं, ती ज्युनियरशिप. आणि मुंबईत अजून एक जुनी वाट आहे, सॉलिसिटर होण्याची. त्यासाठी सॉलिसिटरांच्या फर्ममध्ये आर्टिकलशिप करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. सी.ए.ची मुलं करतात ना, तसंच काहीसं.

आता अर्ज कुठं करायचा? मुलींना विचारलं तर दहातल्या आठ जणी मुंबईच्या दोन-तीन बड्या लॉ फर्मची नावं घेतात. फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ, काचेच्या इमारती, ए.सी. ऑफिस. जरूर करा अर्ज, कोण नको म्हणतंय? पण तिथं काम काय असतं ते समजून घ्या. कंपन्यांचे करार, बँकांची कर्जं, एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हाचे कागद. कोर्टात उभं राहून बोलायचं स्वप्न असेल तर तिथं कदाचित महिनाभर कोर्टाची पायरीही दिसणार नाही! शिवाय अशा ठिकाणी जागा कित्येक महिने आधी भरतात. पुष्कळ फर्मच्या संकेतस्थळावरच फॉर्म असतो. मेच्या सुट्टीत जायचं तर दिवाळीच्या फराळाबरोबरच तो फॉर्म भरायचा, असं मी मुलींना सांगते.

मला विचाराल तर पहिल्या वर्षाची इंटर्नशिप आपल्याच गावात करावी. तालुका कोर्टातले चांगले वकील, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, एखादी महिलांसाठी काम करणारी संस्था. विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला तिथून मोफत वकील मिळू शकतो, हे १९८७च्या कायद्यात लिहिलेलं आहे, आणि तरी किती जणींना माहीत असतं? तिथं चार आठवडे बसलेली मुलगी पुस्तकात न मिळणारं बरंच शिकून येते. बोर्ड कसा लागतो, पुकारा झाल्यावर कुठं उभं राहायचं, नक्कल कशी काढायची, रोजनामा कुठं बघायचा.

दुसऱ्या वर्षी जिल्हा न्यायालय. मग उच्च न्यायालय. आणि उच्च न्यायालय म्हटलं की मुंबईच, असं आता राहिलेलं नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं खंडपीठं आहेतच, गोव्यातही आहे. आणि १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं जातं. आमच्याकडच्या मुलींना याचं महत्त्व किती सांगू! मुंबईत खोली, डिपॉझिट, लोकल यांच्या हिशेबानंच जी घरं ‘नको बाई’ म्हणायची, त्यांच्या मुली आता सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी येऊ शकतात.

आता खुद्द अर्ज. यावर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. तीन वर्षांच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला, मराठी माध्यमातून शिकलेली, घरची शेती. चाळीस ठिकाणी ई-मेलनं अर्ज पाठवला होता, एकाचंही उत्तर नाही. डोळे भरून आले होते बिचारीचे. ‘काकू, आपल्या इंग्लिशमुळंच होतंय हे.’ मी म्हटलं, दाखव बघू. इंग्रजी उत्तम होतं, कारण ते तिचं नव्हतंच. मोबाइलला सांगून लिहून घेतलेलं! ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे, मी मेहनती, जिद्दी आणि संघभावनेनं काम करणारी आहे...’ अशा अर्थाची दोन पानं. एका वकिलांना पाठवलेल्या पत्रात तर दुसऱ्याच फर्मचं नाव राहून गेलं होतं. चाळीसही जणांना एकाच ई-मेलमध्ये पत्ते टाकून पाठवलेलं. म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या एकोणचाळीस जणांची नावं दिसत होती! लग्नपत्रिका असती तर चाललं असतं.

मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि चहा टाकला. म्हटलं, आता तू काय काय केलंयस ते सांग. ‘काही नाही हो काकू.’ बरं, घरी शेतीचे कागद कोण बघतं? ‘मीच. आजोबांच्या वाटणीची केस चालू आहे ना, सात-बारा, फेरफार, सगळं मीच लावून ठेवलंय. वकिलांना तारखेला मीच फाइल देते.’ आणि? ‘पहिल्या वर्षी इथल्या वकिलांकडे जात होते. त्यांना फिर्यादी आणि पंचनामे इंग्रजीत करून द्यायचे. मी केले पंधरा-वीस.’

आता सांगा, ही मुलगी ‘काही नाही’ म्हणत होती! अहो, जिल्ह्यातली केस अपिलात वर जाते तेव्हा तिचे साक्षीपुरावे, पंचनामे, जुने फेरफार हे बहुतेक मराठीतच असतात. ते वाचून, समजून, नेटक्या इंग्रजीत सारांश काढून देणारी मुलगी वरच्या कोर्टातल्या वकिलाला हवीच असते. शहरात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना ‘पोटखराबा’ म्हणजे काय आणि ‘इतर अधिकारात नाव’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. हिला ते पाटीवरच्या बाराखडीसारखं येत होतं. आणि नेमकं तेच अर्जात नव्हतं.

मग आम्ही दोघींनी बसून नवा अर्ज केला. एकच पान. पहिल्या दोन ओळींत ती कोण, कितव्या वर्षाला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकते. पुढच्या चार-पाच ओळींत तिनं खरोखर केलेलं काम, पंधरा पंचनाम्यांसकट. शेवटी एक ओळ, त्याच वकिलांकडे का यायचंय. ही ओळ लिहायला मात्र तिला दोन दिवस लागले, आणि लागायलाच हवेत. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट वाचता येतात. त्यात कुठल्या बाजूनं कोणते वकील उभे होते, हेही लिहिलेलं असतं. तिनं जमिनीच्या वादांमधले काही निकाल वाचले, आणि ज्या वकिलांची नावं पुन्हा पुन्हा दिसली, अशा सहाच जणांना अर्ज केला. प्रत्येकाला वेगळा. इंग्रजी तिचंच होतं. साधं, छोट्या वाक्यांचं. कॉलेजच्या मॅडमनी व्याकरण तपासून दिलं, बस्स.

मोबाइलवरच्या त्या लिहून देणाऱ्या यंत्राचं एक सांगते. शब्द अडला तर विचारा, हरकत नाही. पण अख्खं पत्र त्याच्याकडून घेतलंत तर वकिलांच्या टेबलावर तसलीच वीस पत्रं आधी पडलेली असतात. आणि निकालांच्या बाबतीत तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नकोच. कधीच न झालेले खटले ते खरे म्हणून सांगतं, आणि असे खोटे दाखले कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना न्यायालयांनी चांगलंच फैलावर घेतलेलं आहे.

बायोडाटाही एकच पान. ‘छंद : वाचन’ लिहिलंत तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे सांगता आलं पाहिजे. मार्क कमी असतील तर लपवू नका, बाकीचं काम ठळक करा. लग्न, बाळंतपण, घरच्यांचं आजारपण यामुळं मध्ये चार-सहा वर्षं गेली असतील तर सरळ एका ओळीत लिहा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फाइलला नाव स्वतःचं द्या, ‘नवीन फायनल २’ असं नको. आणि कॉलेजात असताना गमतीनं काढलेला ‘क्यूट एंजल’वाला ई-मेल पत्ता आता सोडा बाई! नाव-आडनावाचा साधा पत्ता काढायला पाच मिनिटं लागतात.

पाठवल्यावर उत्तर लगेच येत नाही. वकील कोर्टात असतात, ई-मेल कारकून बघतो किंवा कुणीच बघत नाही. दहा-बारा दिवसांनी एक नम्र आठवण करावी, चार ओळींची. रोज फोन नको. लहान गावात तर मी सांगते, कोर्ट सुटल्यावर, पाचनंतर, कागदी अर्ज घेऊन समक्ष जावं. आमच्याकडे अजून त्यालाच जास्त मान आहे. पण जायचं मुलीनं. एका ताईंचं ऐकलं, मुलीबरोबर ऑफिसात गेल्या आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, ‘जरा सांभाळून घ्या हो, फार हळवी आहे.’ आता त्या मुलीला कोण उलटतपासाला उभं करणार?

बोलावणं आलं की पोटात गोळा येतो तो इंग्रजीचा. खरं सांगायचं तर जिल्हा पातळीवर बोलणं मराठीतच होतं. उच्च न्यायालयातले वकील, लॉ फर्म इंग्रजीत विचारतील, पण त्यांना झाडलेलं इंग्रजी नको असतं. प्रश्न नीट ऐकून नेमकं उत्तर हवं असतं. अलीकडे कोणता निकाल वाचलास, हा प्रश्न हमखास येतो. दुसरा येतो नव्या-जुन्या कायद्यांचा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनं दंडविधानच लागतं, तेव्हा दोन्ही कलमं माहीत हवीत. येत नसेल तर ‘सर, आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगते’ म्हणावं. आणि खरंच बघून दुसऱ्या दिवशी कळवावं.

आता आयांसाठी. पैशाचं विचारायला आपल्याला फार संकोच वाटतो, नाही का? इंटर्नशिपला पुष्कळ ठिकाणी काहीच मिळत नाही, मोठ्या फर्म काही रक्कम देतात. ज्युनियर वकिलांना दरमहा शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून जाण्याआधीच मोकळेपणानं विचारावं, काही मानधन आहे का, वेळ किती ते किती. विचारल्यानं कुणी अपमान मानत नाही. मानलाच तर तेही आधी कळलेलं बरं. सनदेच्या नोंदणीचा खर्च मात्र हलका व्हायला हवा. राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या, ते सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ला थांबवलं. सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त फी नाही, असा तो निकाल आहे.

दुसरी काळजी सुरक्षिततेची, आणि ती रास्त आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू होतो, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीनं पहिल्याच दिवशी बघून ठेवावं, ऑफिसात आणखी कोण बायका आहेत, काम किती वाजता संपतं, शेवटची गाडी कधी. बऱ्याच वकिलांचं ऑफिस घरातच असतं, त्यात वावगं काही नाही. पण रविवारी एकटीला ‘फाइल घेऊन ये’ म्हणणारं ऑफिस असेल तर ती इंटर्नशिप सोडून द्यावी. चार आठवडे वाया गेले तर जाऊ देत.

‘कोर्टात बायकांनी कशाला?’ म्हणणारे सासरे-मामे अजून आहेत. त्यांना नाशिकला १८६६मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगावी. १८९२मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या, पण बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. एकतीस वर्षं! आणि घरात कुणी ‘थेट न्यायाधीशाचीच परीक्षा दे, वकिलांकडे कशाला राबतेस’ म्हणत असेल, तर २० मे २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्यात पुन्हा घातली आहे. तेव्हा चांगल्या वकिलांकडची जागा शोधणं आता या मुलींनाही चुकत नाही.

आमच्या त्या मुलीला सहापैकी दोघांचं उत्तर आलं. एकांनी जागा नसल्याचं कळवलं. दुसऱ्यांनी कोल्हापूरला चार आठवडे बोलावलं. पहिला आठवडा नुसती पानांना नंबर घालत होती, फोनवर कुरकुरली. मी म्हटलं, नंबर घालताना वाचतेस ना? दुसऱ्या आठवड्यात दोन फेरफारांच्या तारखा जुळत नाहीत, हे तिच्याच लक्षात आलं. मग तिला त्या फाइलीचा तारीखवार तक्ता करायला दिला. रोज रात्री वहीत लिहून ठेवत होती, आज कोणती प्रकरणं, काय शिकले. अशिलांची नावं मात्र त्यात नाहीत. अशिलाची गोष्ट ऑफिसाबाहेर जाता कामा नये, आईपाशीसुद्धा नाही. आयांनीही खोदून विचारू नये.

निघताना प्रमाणपत्र मागून घ्यायला विसरू नका. लेटरहेडवर, कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा, केलेल्या कामाचा उल्लेख, सही आणि शिक्का. तारखा नसलेलं प्रमाणपत्र आठवड्यांच्या हिशेबाला उपयोगी पडत नाही. घरी आल्यावर दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा. आणि कॉलेजात झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवून लगेच परत घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तीच जोडायची आहे.